९०.४ हा आकडा कोण धरून ठेवतं?

आपल्या केंद्राचं नाव घेतलं की आम्ही लगेच पुढे एक आकडा जोडतो, ९०.४. तुम्ही तो इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नसेल. साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचाही हाच आकडा, आणि देशातल्या आणखी कितीतरी सामुदायिक केंद्रांचाही हाच. आपला आवाज थोड्याच गावांपुरता जातो, म्हणून लांबलांबच्या केंद्रांना एकच आकडा दिला तरी भांडण होत नाही. पण बांधाला बांध लागून दोन केंद्रं असली आणि त्यातल्या एकाचा आकडा जरासा सरकला, तर दोघींचाही आवाज मातीमोल. शेताचा बांध सरकला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

हा आकडा जागच्या जागी कसा राहतो, कोण धरून ठेवतं त्याला, याचा इतिहास आज सांगणार आहे. यंत्रांचा इतिहास म्हटलं की बहुतेक दाढीवाल्या शास्त्रज्ञांचे फोटो डोळ्यांपुढे येतात. ते यात आहेतच. पण १९४२ सालापाशी आलं की बायका भेटतात, आणि एका ठिकाणच्या नव्हे, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या.

आधी आकड्याचा अर्थ. ९०.४ म्हणजे ९०.४ मेगाहर्ट्झ. आपल्या टॉवरवरच्या अँटेनात वीज एका सेकंदात ९ कोटी ४ लाख वेळा पुढे-मागे होते. सेकंदात, बरं का. तुमच्या रेडिओने नेमके तेवढेच कंप असलेली लहर पकडायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. कंप कमी-जास्त झाले की आम्ही तुमच्या रेडिओच्या हातून निसटलो.

वीज अशी झुलवणाऱ्या सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला एका फेरीला किती वेळ लागतो, ते दोराच्या लांबीवर ठरतं. दोर आखूड असेल तर झोका भरभर, लांब असेल तर सावकाश. आणि कुणी वेळेवर ढकललं नाही तर तो हळूहळू थांबतो. ऑसिलेटरमध्ये दोराचं काम तांब्याच्या तारेची कॉइल आणि कपॅसिटर ही जोडी करते. कपॅसिटर म्हणजे तोच, जो गेला की पंखा नुसता घुंई करतो आणि फिरत नाही. झोका ढकलण्याचं काम पूर्वी काचेचे व्हॉल्व्ह करत, आता ट्रान्झिस्टर करतो.

मार्कोनीच्या काळात, म्हणजे १९०० च्या आसपास, वीज ठिणग्यांनी झुलवत असत. ठिणगी म्हणजे विहिरीत धोंडा टाकल्यासारखं, लाटाच लाटा, सगळीकडे. दोन जहाजं एकाच वेळी बोलायला लागली की कुणाचंच काही कळायचं नाही. मग व्हॉल्व्ह आले, १९१५ च्या सुमारास चांगले ऑसिलेटर आले आणि आवाज एका आकड्यावर ठेवता येऊ लागला. पण तो तिथं टिकत नसे. व्हॉल्व्ह तापला, त्याच्या उष्णतेने कॉइल जराशी फुगली, की झोक्याचा दोर लांबल्यासारखं होऊन आकडा खाली सरकायचा. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांच्या घरी होते त्यांना आठवेल, अर्ध्या तासाने गुंडी पुन्हा थोडी फिरवावी लागायची.

यावर उपाय निघाला तो दगडातून. गारगोटीतून.

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर या क्यूरी भावांनी दाखवलं की गारगोटीचा स्फटिक दाबला की त्यातून वीज निघते. तुमच्या गॅसच्या लायटरचं बटण दाबलं की 'कट्' होऊन ठिणगी पडते, ती याच गुणाच्या जोरावर. लायटरमध्ये गारगोटी नसते, भाजलेल्या मातीसारखा सिरॅमिकचा खडा असतो, पण गुण तोच. आणि हेच उलट केलं, स्फटिकाला वीज दिली, तर तो थरथरतो. (यातले पिएर म्हणजे मारी क्यूरींचे यजमान. मारीबाईंनी किरणोत्सर्ग मोजला तो याच गारगोटीच्या उपकरणाने, लग्नानंतर.) अमेरिकेतल्या वॉल्टर केडी या प्राध्यापकांनी १९२० च्या सुमारास ही थरथर ऑसिलेटरला बांधली. दगडाची थरथर फार इमानी. ती दगडाच्या जाडीवर ठरते, आणि दगड कॉइलसारखा फुगत नाही. भिंतीवरच्या घड्याळावर 'क्वार्ट्झ' लिहिलेलं असतं ना? ती हीच गारगोटी. घड्याळातली सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते.

पण दगडाचा इमानीपणा हीच त्याची अडचणही आहे. तो एकाच आकड्याचा. दुसरा आकडा हवा असेल तर दुसरा दगड घ्या, तिसऱ्याला तिसरा.

आता १९४२ मध्ये येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेच्या रणगाड्यांत बसवायचा एक रेडिओ होता, त्याचे ८० चॅनेल. प्रत्येक चॅनेलला एक दगड, म्हणजे एका संचाबरोबर ८० स्फटिकांची पेटी. रणगाडे हजारो. शिवाय विमानं, जीप, पायदळ. युद्धापूर्वी हे खडे मोजकी माणसं हाताने, सोनाराच्या सवडीने घासत असत. आता ते कोट्यवधी लागणार होते. चांगली गारगोटी ब्राझीलहून येई. पुरुष सैन्यात गेलेले. मग कारखान्यांत बायका बसल्या. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल या लहानशा गावात असे बरेच कारखाने होते. न्यूयॉर्कच्या रीव्ह्ज साउंड लॅबोरेटरीजने १९४३ मध्ये आपल्या कारखान्याची एक फिल्मच काढली, 'क्रिस्टल्स गो टू वॉर'. ती बघण्यासारखी आहे. तिच्यात कोणी नटी नाही, कामगार बायका आहेत, आणि त्यांचे हात.

काम असं चाले. कच्चा दगड तेलात बुडवून उजेडात बघायचा, आत चीर किंवा दोष आहे का. मग क्ष-किरणांनी त्याची दिशा काढायची, कारण लाकडाला जसे रेषे असतात तशी स्फटिकालाही दिशा असते, आणि काप चुकीच्या कोनात गेला तर तो खडा उन्हात एक आकडा सांगतो, थंडीत दुसरा. मग हिऱ्याच्या पात्याने काप काढायचे. सेकंदाला ८० लाख कंप हवे असतील तर तो काप मिलिमीटरच्या पाव हिश्शाच्या आसपास पातळ लागतो. शेवटचं घासणं काचेवर, बारीक पूड टाकून, बोटांनी. दोन-चार हात फिरवायचे, धुवायचा, यंत्राला लावून आकडा बघायचा, पुन्हा घासायचा. कमी घासलं तर अजून घासता येतं. जास्त घासलं की गेला, दगड परत जाड होत नाही. पापड लाटणारीला कळेल मी काय म्हणते ते, फक्त पापडाचा गोळा परत करता येतो.

आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. कारखान्यातून चोख गेलेले खडे महिन्या-दोन महिन्यांत आकडा बदलू लागले, काही तर थरथरायचेच थांबले. ओल आणि उष्मा असेल तिथे जास्त. शोध घेतल्यावर कळलं की घासताना दगडाच्या पृष्ठभागावर अगदी सूक्ष्म भुगा आणि चिरा राहतात, त्या हळूहळू सुटत जातात आणि दगडाचं वजन-जाडी बदलते. उपाय सापडला तो असा, की शेवटचा हात घासून न देता आम्लात बुडवून द्यायचा, म्हणजे तो चिरलेला थर विरघळून जातो. त्यानंतर खडे टिकले. त्या बायकांचं काम त्यामुळे सोपं झालं असं नाही, आम्लाजवळ बसणं आलं.

तेच १९४२ साल, आणि आता मुंबई. ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंदी आली. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या मुलीने काही साथीदारांबरोबर गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं, काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. त्यांचा आकडा लांबीत सांगितला जाई, ४२.३४ मीटर. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंप.

इथे आकड्याची दुसरी बाजू दिसते. उषाताईंचं केंद्र सारखी जागा बदलत असे, आज या इमारतीत तर थोड्या दिवसांनी दुसऱ्या. पण आकडा बदलून चालत नव्हतं, कारण मग ऐकणाऱ्यांनी शोधायचं कुठे? ज्या आकड्यावर लोक ऐकत, त्याच आकड्यावर पोलीसही कान लावून बसत, आणि लहर कुठल्या दिशेने येते ते मोजत गाड्या फिरवत. शेवटी केंद्राची माहिती असलेला एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला. १२ नोव्हेंबरला प्रसारण चालू असतानाच उषाताई पकडल्या गेल्या. चार वर्षांची सक्तमजुरी झाली, १९४६ मध्ये सुटल्या. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. त्यांचं केंद्र चाललं जेमतेम अडीच महिने.

तिसरी बाई अमेरिकेत होती, आणि ती सिनेमातली नटी. हेडी लामार. जन्म व्हिएन्नाचा, पहिला नवरा शस्त्रास्त्रांचा कारखानदार, त्याच्या जेवणावळीत तिने टॉर्पेडोच्या गप्पा खूप ऐकल्या होत्या. पाण्यातून जाणाऱ्या टॉर्पेडोला रेडिओने दिशा दाखवायची तर शत्रू तो आकडा शोधून त्याच्यावर गोंगाट करतो. तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने तोड काढली: आकडा बदलतच राहायचा. पाठवणारा आणि ऐकणारा, दोघांनी एकाच वेळी, ठरलेल्या क्रमाने उड्या मारायच्या. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेला कागद फिरत असे, तसाच कागद दोन्हीकडे. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून आकडेही ८८. ११ ऑगस्ट १९४२ ला पेटंट मिळालं. म्हणजे काँग्रेस रेडिओच्या पहिल्या प्रसारणाआधी फक्त सोळा दिवस. या दोघींना एकमेकींची गंधवार्ता नव्हती. पण उषाताईंना एकाच आकड्यावर अडकून राहावं लागत होतं, आणि नेमका त्याच गोष्टीवर त्या नटीने उपाय लिहून ठेवला होता.

अमेरिकेच्या नौदलाने तो बासनात गुंडाळला. सुंदर बाईचं डोकं चालत असेल यावर विश्वास बसला नाही, असं पुष्कळजण म्हणतात. मला वाटतं तेवढंच कारण नसावं. उड्या मारायच्या कशा, हीही अडचण होतीच. ८८ आकडे म्हणजे ८८ दगड. किंवा दगड सोडून नुसत्या कॉइल-कपॅसिटरवर विसंबायचं, म्हणजे आकडा बदलता येतो, पण नेमका कुठे जाऊन पडेल याची खात्री नाही. दगड हलत नाही आणि झोका थांबत नाही. दोघांचे गुण एकत्र आणायला अजून काही वर्षं लागायची होती.

ते एकत्र आले ते राखणीमुळे. झोका सैलच ठेवायचा, पण त्याच्यावर सतत नजर ठेवायची.

याची बीजं जुनी आहेत. १६६५ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी आजारी पडल्या पडल्या पाहिलं होतं की एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं अर्ध्या तासात आपोआप एका तालात येतात. दिंडीत शेजारी चालणाऱ्या बायकांची पावलं पडतात तशी. १९३२ मध्ये फ्रान्सच्या आंरी द बेल्सिझ यांनी विजेच्या एका झोक्याला दुसऱ्याच्या तालात बांधायचं सर्किट मांडलं. आज त्या प्रकाराला फेज लॉक्ड लूप म्हणतात. मग गरज होती ती नुसत्या विजेच्या दाबाने दोर लांब-आखूड होईल अशा झोक्याची. १९५० नंतरच्या दशकात असा डायोड मिळाला, ज्याच्यावर व्होल्टेज कमी-जास्त केलं की तो लहान-मोठ्या कपॅसिटरसारखा वागतो. त्याला व्हॅरॅक्टर म्हणतात. तो कॉइलला जोडला की झाला व्होल्टेज कंट्रोल्ड ऑसिलेटर, इंजिनिअर लोकांच्या तोंडी व्हीसीओ. विजेचा दाब वाढवा, आकडा चढतो. दाब उतरवा, आकडा उतरतो.

आता ९०.४ कसा धरला जातो ते बघा. एकच गारगोटी घ्यायची. तिच्या थरथरीतून सेकंदाला १ लाख कंपांचा एक ठोका तयार करायचा. दुसरीकडे व्हीसीओ झुलतोय, अंदाजे ९ कोटी कंपांवर. त्याचे कंप मोजायचे आणि दर ९०४ कंपांना एक ठोका द्यायचा. आकडा बरोबर असेल तर हा ठोकाही सेकंदाला १ लाखच पडेल. दोन्ही ठोके शेजारी ठेवायचे. व्हीसीओचा ठोका मागे पडला तर दाब थोडा वाढवायचा, पुढे गेला तर थोडा कमी. हे अखंड चालू राहतं. आणि उद्या ९१.२ वर जायचं ठरलं तर दगड बदलायचा नाही, कुठलाही स्क्रू फिरवायचा नाही. ९०४ ऐवजी ९१२ मोजायचे. बस. असा कुठलाही आकडा बांधून देणाऱ्या या सगळ्या मांडणीचं नाव फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर. ८० दगडांची पेटी त्या ९०४ आणि ९१२ च्या मोजणीत विरून गेली.

व्हीसीओ चांगला करणं मात्र अवघड, आणि त्यातली खरी गंमत मला इथेच वाटते. झोका फार आज्ञाधारक केला, म्हणजे थोड्याशा दाबाने मोठा आकडा बदलेल असा, तर तारेत शिरलेली बारीकशी थरथरही तो आज्ञा समजतो. सगळ्यांचं ऐकणाऱ्या सुनेचं जे होतं ते त्याचं होतं. आकडा सरासरीने बरोबर राहतो, पण जागच्या जागी लडखडतो, आणि तुम्हाला खरखर ऐकू येते. उलट तो कमी आज्ञाधारक केला तर शांत राहतो, पण लांबच्या आकड्यापर्यंत पोचत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड लीसन यांनी ही लडखड कशाने वाढते ते एका छोट्याशा लेखात मांडलं. आजही इंजिनिअरांचं शिक्षण त्याच्यावरून जातं. सार असं, की झोका मोठा घ्या आणि कॉइलमध्ये वीज कमीत कमी वाया जाऊ द्या.

आता मोबाइलमध्ये कॉइल बसवायची कुठे? सिलिकॉनच्या चिपवर वेटोळं काढलं तर वीज फार वाया जाते, तो नाद सोडा, असं बरेच दिवस मानलं जात होतं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात न्हाट न्युएन आणि रॉबर्ट मेयर यांनी चिपवरच सपाट वेटोळं काढून ते उपयोगी ठरतं हे दाखवलं. आकार तिळाहून लहान. आणि शांतपणा की पोच, या भांडणावरही तोड निघाली, अगदी किराणा दुकानातली. पाच किलो ज्वारी तोलताना आपण चिमटी-चिमटीने सुरुवात करत नाही. आधी मोठी वजनं टाकतो, मग शेवटी मूठभर इकडेतिकडे. तसेच चिपवर लहान-मोठे कपॅसिटर स्विचने जोडतात, आकड्याच्या जवळ पोचतात, आणि उरलेला थोडासा फरकच व्हॅरॅक्टरच्या दाबावर सोडतात. त्यामुळे झोका फार आज्ञाधारक असायची गरज उरत नाही.

तुमच्या फोनमधला ब्लूटूथ सेकंदाला १६०० उड्या मारतो, ७९ आकड्यांवर. हेडी लामारचा कागद तिथे नाही, पण दोघांनी ठरलेल्या क्रमाने उड्या मारायच्या ही गोष्ट तीच. तिच्या पेटंटची मुदत १९५९ मध्ये संपली, त्यातून तिला पैसे मिळाले नाहीत. १९९७ मध्ये एक सन्मान मिळाला. जानेवारी २००० मध्ये ती गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उषाताई मेहता. कार्लाइलच्या बायकांची कामं युद्ध संपल्यावर आटली. त्यांची नावं कुठल्या पेटंटवर नाहीत. आता गारगोटीही खाणीतली लागत नाही, पोलादी भांड्यात, दाबाखाली, उष्णतेत वाढवतात.

म्हणजे १९९० नंतर आकडा धरून ठेवणं अगदी स्वस्त झालं होतं. तरी आपल्यासारख्यांना आकडा मिळत नव्हता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतरही खाजगी कंपन्यांना आधी परवाने मिळाले, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ च्या नोव्हेंबरात. तेलंगणात, झहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमातल्या दलित बायकांकडे रेकॉर्डिंगचं सगळं सामान १९९० च्या दशकातच आलेलं होतं. बियाण्यांची माहिती, गाणी, औषधी पाला, सगळं त्या रेकॉर्ड करत होत्या. हवेत सोडायची परवानगी नव्हती, म्हणून कॅसेटी घेऊन संघमाच्या बैठकीत जायच्या आणि तिथे वाजवून दाखवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा संघम रेडिओ हवेत गेला, ९०.४ वर, आणि प्रसारणाची वेळ त्यांनी संध्याकाळची ठेवली, बायका शेतातून घरी आल्यानंतरची.